आधी पाऊल, मग अक्षर

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत कुकटपल्ली येथे दिलेले भाषण. वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेली संहिता.)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत पुस्तकांविषयी बोलावे, असा रिवाज आहे. यापूर्वीच्या वक्त्यांनी तो उत्तम रीतीने पाळला. मी मात्र आज ढोल, लेझीम, हलगी आणि भोंडला यांच्याविषयी बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा चिटणिसांनी मला दोनदा विचारले, "सर, नक्की हाच विषय छापायचा ना?" त्यांची शंका रास्त होती. ज्याने तीस वर्षे वर्गात ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकर शिकवले, त्याने उतारवयात ढोल का वाजवावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. शेवटच्या रांगेत जी तरुण मंडळी बसली आहेत, ती या भाषणाची खरी धनी आहेत, हेही आरंभीच सांगून टाकतो.

हैदराबादेतल्या मराठी माणसाला स्थलांतरित म्हणावे की नाही, हाच मुळात एक प्रश्न आहे. निजामाच्या राज्यात आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी जिल्हे होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतला माणूस शिक्षणासाठी, वकिलीसाठी किंवा चाकरीसाठी हैदराबादेला येई, तो परगावी जातो आहे असे कोणाला वाटत नसे. तो आपल्या राजधानीत येत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत हे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. कोठी, काचीगुडा, सुलतानबाजार, गौळीगुडा या भागांतली मराठी कुटुंबे मात्र जागची हलली नाहीत. माणसे होती तेथेच राहिली. सीमा तेवढी त्यांच्या अंगणातून उठून निघून गेली.

त्या जुन्या हैदराबादेची कहाणी आपल्याला पाठ आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषांच्या शिक्षणाची आबाळ होती आणि सभासंमेलनांवर बंधने होती. अशा काळात ग्रंथालय हीच सार्वजनिक जीवनाची उघडी खिडकी होती. तेलुगू बांधवांनी १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम् स्थापन केले. मराठी मंडळींनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा सुरू केली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांची नावे त्या पिढीत अग्रभागी होती. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. पुढे मराठी साहित्य परिषद उभी राहिली. आपले ग्रंथालय याच परंपरेतले अपत्य आहे.

कुकटपल्लीची गोष्ट निराळी आहे. येथला मराठी माणूस खरोखरच बिऱ्हाड बांधून आलेला आहे. पहिली लाट १९६० च्या दशकातली. रामचंद्रपुरमचा भेलचा कारखाना, बालानगरची औद्योगिक वसाहत, आयडीपीएल यांच्या नोकऱ्यांनी महाराष्ट्रातून काही कुटुंबे आली आणि पुढे हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत स्थिरावली. दुसरी लाट १९९८ मध्ये हायटेक सिटी उभी राहिल्यानंतरची. पुणे, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर येथून आलेले संगणक अभियंते निजामपेट, मियापूर, कोंडापूरच्या उंच इमारतींत राहू लागले. तिसरी लाट मात्र आपल्या संमेलनांच्या अहवालांत कधी नोंदली जात नाही. देगलूर, बिलोली, मुखेड, कंधार या तालुक्यांतून दुष्काळाच्या साली आलेले मजूर सकाळी सात वाजता मजूर-अड्ड्यावर उभे असतात. त्यांचीही भाषा मराठीच आहे. या तिसऱ्या लाटेकडे मी पुढे येणार आहे, कारण आजच्या भाषणातली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट तिच्याशी निगडित आहे.

कोठीतल्या आजोबांचे मराठी दखनीच्या शेजारात मुरलेले होते. ते शेजारच्या खाँसाहेबांशी दखनीत बोलत आणि त्या दखनीतही मराठीच वावरत असे. हैदराबादेचा सुप्रसिद्ध 'नक्को' हा आपल्या 'नको'चाच भाऊ, आणि 'ऐसाइच'मधला 'च' आपल्याच घरून गेलेला. कुकटपल्लीतल्या नातवाला असा शेजार मिळाला नाही. शाळा इंग्रजी, मित्रांत हिंदी, आणि २०१८ च्या कायद्याने शाळेत तेलुगू आवश्यक. ज्या राज्याचे अन्न आपण खातो त्याची भाषा मुलांनी शिकलीच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या तीन भाषांनंतर मराठीसाठी वेळापत्रकात जागा उरत नाही. ज्या महाविद्यालयात मी शिकवीत आलो, तेथे दुसरी भाषा म्हणून मराठी घेणारे एके काळी चाळीस विद्यार्थी होते. पुढे अकरा झाले, मग चार. एका जूनमध्ये वर्ग बंद झाल्याचे पत्र हाती आले. त्या दिवशी मी रिकाम्या वर्गात जाऊन फळा पुसला आणि घरी आलो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली तेव्हा अभिनंदनाचे दूरध्वनी पुष्कळ आले. विद्यार्थी एकही आला नाही.

अशा मनःस्थितीत मला त्या ढोलांचा राग येत असे. आमच्या वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानावर आषाढापासून दर रविवारी संध्याकाळी ढोल सुरू होत. आसपासच्या अभियांत्रिकी आणि पदवी महाविद्यालयांतल्या वीसएक मराठी मुलामुलींनी पथक काढले होते. मी उत्तरपत्रिका तपासायला बसे आणि खिडकीची काच थरथरू लागे. भाषा बुडते आहे आणि ही मुले नाचताहेत, असे माझ्या मनात येई. एका रविवारी मी तक्रार करायचीच, असे ठरवून मैदानावर गेलो.

तेथे जे पाहिले ते साधेच होते. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी कमरेला ढोल बांधून उभी होती. तीन वर्षे मी तिच्याशी जिन्यात मराठीत बोलत होतो आणि ती अत्यंत नम्रपणे इंग्रजीत उत्तर देत होती. तिने मला पाहिले नव्हते. ती पथकप्रमुख मुलीला म्हणत होती, "ताई, माझं पान सैल झालंय. दोरी ओढून दे ना जरा." मी जागच्या जागी थांबलो. पान, सैल, दोरी, ओढणे! चार अस्सल शब्द, आणि त्यांतला 'पान' तर ढोलाच्या तोंडावरच्या पडद्याचा, ज्याचा हा अर्थ माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी सांगू शकला असता की नाही, याची मला शंका आहे. मी तक्रार न करता परत आलो.

पुढे पुष्कळ विचार केल्यावर मला या गोष्टीचे मर्म थोडेफार उमगले. परप्रांतात वाढलेल्या मुलाला मराठी समजते, पण बोलायची लाज वाटते. लिंग चुकते, क्रियापद चुकते, मोठी माणसे हसतात. आम्ही मराठीचे शिक्षक तर हसत नाही, दुरुस्त करतो, आणि ते अधिक बोचते. ढोलावर टिपरू पडते तेव्हा तेथे व्याकरणाची भीती नसते. ठेका चुकला तर शेजारचा हसत नाही, डोळ्यांनी सावरून घेतो. शरीराला एकदा 'मी यांच्यातला आहे' हे कळले, की जीभ हळूहळू सैल होते. लेझमीचे 'चार आवाज', 'आठ आवाज', 'घाटी' हे प्रकार शिकताना मुले मराठी अंक, दिशा आणि आज्ञा न कळत शिकून जातात. आपली आईही मूल मांडीवर घेऊन आधी टाळ्या शिकवते, मुळाक्षरे मागाहून येतात.

ही काही आजची युक्ती नव्हे. लोकमान्यांनी १८९३ च्या सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा त्याचा प्राण विद्यार्थ्यांच्या मेळ्यांत होता. एकसारखा पोशाख केलेली मुले पदे म्हणत, पावले टाकीत रस्त्यांतून जात. पुढे सरकारला त्या मेळ्यांची धास्ती वाटली आणि त्यांवर निर्बंध आले. निरुपद्रवी नाचगाण्यांना कोणतेही सरकार भीत नाही. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने, १९६२ मध्ये स्थापना झाल्यानंतरच्या काळात, मुळशी-मावळातला ढोल शहरी विद्यार्थ्यांच्या हाती दिला, त्यामागेही आप्पा पेंडसे यांची शिक्षणाचीच दृष्टी होती. गावातला ढोल शाळेत आला, शाळेतून मिरवणुकीत गेला, आणि तेथून पुण्याच्या मुलांबरोबर नोकरीच्या निमित्ताने बंगळूर, हैदराबाद आणि सातासमुद्रापार पोहोचला.

समुद्रापलीकडे याच प्रश्नाने अधिक उग्र रूप घेतलेले दिसते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. तेथे रविवारच्या मराठी शाळा आहेत आणि ढोलताशांची पथकेही आहेत. अमेरिकेतल्या विद्यापीठांत १९९० च्या दशकात भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी भांगड्याचे संघ काढले, त्यांच्या मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या. त्या काळातल्या न्यूयॉर्कमधील भारतीय तरुणाईवर सुनयना मायरा यांचे एक अभ्यासपूर्ण पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या नाचगाण्यामागची ओढ जशी दिसते तशी एक खोचही दिसते. 'खरा भारतीय कोण' हे मोजण्याची फूटपट्टीही याच नाचातून तयार होते. ज्याला पावले येतात तो आपला, ज्याला येत नाहीत तो उपरा. वारसा जोडतो तसा तोडतोही. मी हे वाक्य वाचले तेव्हा ते अमेरिकेतल्या मुलांविषयी आहे, असे समजून पुढे गेलो होतो. ते माझ्याच दारात येऊन उभे राहील, असे वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. मैदानावरून परतल्यावर मी पथकाचा हळूहळू स्नेही झालो. मुलांनी मला 'सल्लागार' केले. त्याच सुमारास आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला एक मुलगा आला. वडील सेंटरिंगच्या कामावर, गाव मुखेड तालुक्यातले. एका अर्जावर माझी सही घ्यायला तो आला असता मी पथकाविषयी बोललो. तो म्हणाला, "सर, मला हलगी येते." रविवारी तो हलगी घेऊन आला. जाळावर धरून तिने सूर पकडल्यावर त्याने जो हात फिरवला, त्याने वीस ढोल एकदम गप्प झाले. मुले त्याच्याभोवती कोंडाळे करून बसली.

त्यानंतर पालकांची सभा भरली. मिरवणुकीचा कार्यक्रम ठरत होता. एक गृहस्थ म्हणाले, "ढोलताशा ठीक आहे, पण हलगी कशाला? ती आपल्यात नसते." कोणी मान डोलावली, कोणी विषय बदलला. 'आपल्यात' या शब्दाचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. हलगी गावात कोणी वाजवायची आणि कोणी नुसती ऐकायची, हे गावाने शतकानुशतके जातीने ठरवून दिले होते. आम्ही गाव सोडून साडेतीनशे किलोमीटरवर आलो, उंच इमारतींत राहिलो, पण ती वाटणी सामानाबरोबर बांधून आणली होती. आणि मी? वर्गात 'बलुतं' शिकवताना ज्याचा आवाज भरून येतो, तो मी त्या सभेत चहाचा कप हातात धरून गप्प बसलो. वाद नको, पथक फुटायला नको, अशी मनाची समजूत घातली. मुलगा दाराशीच उभा होता. पुढचे दोन रविवार तो आला नाही.

त्याला परत आणले ते मी नव्हे. पथकप्रमुख मुलगी, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी, पत्ता शोधीत मजुरांच्या वस्तीत गेली. मग पालकांपुढे येऊन तिने शांतपणे सांगितले, "हलगी नसेल तर आमचे ढोलही नसतील." तिला लोकसाहित्याचा सिद्धांत माहीत नव्हता. चांगले वाजवणारा माणूस गमावू नये, एवढेच तिला कळत होते. त्या वर्षी आयडीएल तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुकीत हलगी सर्वांच्या पुढे होती. तो मुलगा आज नोकरीनिमित्त पुण्यात आहे. त्याच्या परवानगीने ही हकीकत सांगतो आहे. माझ्या मौनाबद्दल मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही बोलाल असं वाटलं होतं." हे वाक्य मला कोणत्याही परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा जड गेले आहे. आज ते आपल्यासमोर उच्चारून ते ओझे थोडे वाटून घेत आहे.

पण त्या मिरवणुकीत आणखी एक गोष्ट घडली. रस्त्याच्या कडेला उभे असलेले काही तेलुगू तरुण हलगी ऐकून पुढे आले. त्यांच्या गळ्यात डप्पू होते. हलगी आणि डप्पू ही एकाच घरची वाद्ये. दोन्हींच्या वादकांची भाषा वेगळी, पण कातडे तापवण्याची रीत, काठी धरण्याची बोटे आणि गावाने दिलेली वागणूक एकच. दहा मिनिटे ते एकमेकांना उत्तरे देत वाजवीत राहिले. आपला वारसा आपल्यापुरता नाही, हे मुलांना त्या दहा मिनिटांत जितके समजले, तितके मला एका सत्रात शिकवता आले नसते.

आणि हे नाते एका वाद्यापुरते थोडेच आहे? आश्विनात आपल्या मुली पाटावर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती भोंडल्याचा फेर धरतात. त्याच दिवसांत, भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत, तेलंगणातल्या स्त्रिया फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात. त्या फुलांतले तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे आपला कुरडू. आषाढातल्या बोनालूत अंगावर आसूड ओढणारा पोतराजू आणि आपल्याकडे मरीआईचा गाडा घेऊन येणारा पोतराज यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही. कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाची कथा ओग्गू कलावंत सांगतात, आणि आपले वाघ्या-मुरळी खंडोबाचे जागरण घालतात. मल्लन्ना आणि खंडोबा यांचे दैवतकुळ एकच, हे रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्य वेचून दाखवून दिले आहे. बतुकम्मा आणि बोनालू यांना २०१४ मध्ये तेलंगणाने राज्योत्सवाचा मान दिला. कुकटपल्लीच्या मराठी मुलीने भोंडल्याइतक्याच हक्काने बतुकम्मेचा फेर धरावा, असे मला वाटते. त्यामुळे तिचे मराठीपण उणावणार नाही. दखनी मातीत ते मुळात असेच रुजलेले आहे. लेझीम आणि ताशा हे शब्द तरी कोठले? फारसीतले! साखळी लावलेल्या व्यायामाच्या धनुष्याला लेझीम म्हणत. आखाड्यातून ती मिरवणुकीत आली आणि आज तिच्याइतके मराठी वाद्य दुसरे नाही, असे आपण छातीवर हात ठेवून सांगतो.

येथे एक प्रतिवाद ऐकायला हवा. आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतील, 'हे सर्व ठीक, पण नाचून भाषा टिकते काय? फेटा बांधला, नऊवारी नेसली, छायाचित्रे काढली, की झाला वारसा.' ही शंका मी उडवून लावणार नाही. वर्षातून दोन दिवस अंगावर चढवलेला वारसा तिसऱ्या दिवशी कपाटात जातो. मिरवणुकीत आवाजाची मर्यादा सुटते, शेजारच्या रुग्णाला त्रास होतो, हेही खोटे नाही. पथकाने रात्री लवकर थांबण्याचा नियम केला तो अशाच तक्रारींनंतर, आणि ते योग्यच झाले. मुख्य म्हणजे, नुसते पाऊल मुके असते. भोंडल्याच्या सरावात एका मुलीने मला विचारले, "सर, आड म्हणजे काय? आणि माजघर?" फेर ती बिनचूक धरीत होती, पण गाण्यातले घर तिने पाहिलेच नव्हते. तिला शब्द हवा होता, आणि शब्द पुस्तकात होता. मी तिला काही पुस्तके दिली, त्यांत ढेऱ्यांचे 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' होते. ते तिने पहिल्यांदा आईकडून वाचून घेतले, मग स्वतः अडखळत वाचले. माझ्या बंद पडलेल्या वर्गात जे झाले नाही, ते मैदानाच्या कठड्यावर झाले.

तंजावरचे उदाहरण मला या संदर्भात फार बोलके वाटते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर मराठी माणूस कावेरीच्या काठी गेला आणि १८५५ पर्यंत तेथे मराठ्यांचे राज्य राहिले. शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठीतले आद्य नाटक मानले जाते, ते तेथलेच. पुढे दुसरे सरफोजी महाराज यांच्या दरबारात भरतनाट्याच्या आजच्या स्वरूपाची घडी बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चौघे बंधू होते, आणि त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी रचनाही झाल्या. त्या रचनांवर पावले टाकणारे पाय थांबले. पण सरस्वती महाल ग्रंथालयातल्या हस्तलिखितांनी त्या जपून ठेवल्या आणि विसाव्या शतकात त्या छापून आल्या. पाऊल विसरले तेव्हा पुस्तकाने आठवण ठेवली. याच्या उलट, ज्या लोकांना लिहिण्याचा अधिकारच नव्हता, त्यांचे नाच आणि गाणी कोणत्याच महालात पोहोचली नाहीत. ती केवळ पावलांत आणि गळ्यांत जिवंत आहेत, आणि ते गळे आज थकले आहेत. त्या हलगीवाल्या मुलाच्या घरी मी गेलो तेव्हा त्याच्या आजीने जात्यावरच्या ओव्या तासभर म्हणून दाखवल्या. घरात जाते नव्हते. ती भिंतीला टेकून बसली होती आणि उजवा हात नकळत गोल फिरत होता.

म्हणून, अध्यक्ष महाराज, शताब्दीच्या निमित्ताने मी ग्रंथालयाकडे चार गोष्टी मागतो. पहिली, रविवारी दुपारी ग्रंथालयाचे सभागृह या मुलामुलींना लेझीम आणि भोंडल्याच्या सरावासाठी खुले करावे. ढोल मैदानावरच राहू देत. इमारतीचे वय मलाही ठाऊक आहे. दुसरी, कुकटपल्लीच्या वाचकासाठी पुस्तकांची एक पेटी येथे ठेवावी. नोव्हेंबर २०१७ पासून मेट्रो मियापूरहून धावू लागली आहे. महिन्याला पेटी बदलण्याचे काम मी अंगावर घेतो. तिसरी, या शहरातल्या थकलेल्या गळ्यांतली गाणी ध्वनिमुद्रित करून लिहून काढावीत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्याला शंभर जमल्या तरी आरंभ होईल. मुलांकडे यंत्रे आहेत, आपल्याकडे लिपी आहे. चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, मजुरांच्या मुलांना सभासदत्वाची वर्गणी आणि अनामत माफ करावी. अनामत रक्कम ही आपल्याला किरकोळ वाटते. अड्ड्यावर काम न मिळालेल्या दिवशी ती किरकोळ नसते.

मी अवास्तव आशा दाखवणार नाही. गेली दोन वर्षे आम्ही सरावाआधी मराठी पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचतो. पथकात आज चौतीस जण आहेत. त्यांतले नेमाने पुस्तक घरी नेणारे सहा आहेत. सहा म्हणजे फार नव्हेत, हे मला कळते. पण माझ्या वर्गात शेवटच्या वर्षी चौघेच होते, आणि ते परीक्षेसाठी येत होते. हे सहा जण कोणीही न सांगता येतात. त्यांतल्या दोघांना देवनागरी अक्षरओळखही नव्हती.

आपल्या पूर्वसूरींनी बंधनांच्या काळात ग्रंथालय काढले ते केवळ पुस्तके ठेवण्यासाठी नव्हे, माणसे एकत्र यावीत म्हणून. ग्रंथालय, शाळा, व्यायामशाळा आणि मेळा ही त्या काळी एकाच अंगणातली भावंडे होती. मधल्या काळात आपण त्यांची वाटणी केली. पुस्तक प्रौढांकडे राहिले, ढोल मुलांकडे गेला आणि हलगी वस्तीत राहिली. आता अंगण पुन्हा एक करण्याची वेळ आली आहे.

शेवटच्या रांगेतल्या माझ्या मुलांनो, तुम्हाला एकच सांगतो. पुढच्या रविवारी येताना जे पान वाचायचे, ते तुमच्यापैकी कोणी निवडावे. या वेळी मी निवडणार नाही. आणि मला लेझीम शिकवण्याचे तुम्ही कबूल केले आहे, ते विसरू नका. पाय ऐकत नाहीत, पण कान अजून चांगले आहेत.